डिप्रेशनमधून उठताना सोबत कुठे मिळते? मराठवाड्यातून नेहमी येणारे प्रश्न

अंबाजोगाईत आम्ही काही जण महिन्यातून दोनदा एकत्र बसतो. सगळे डिप्रेशनमधून गेलेले, काही अजून त्यातच असलेले. मी त्यांच्यातलीच एक. आमच्यात डॉक्टर कोणी नाही. बसायला येणारे, फोन करणारे, दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारी बसून हळूच विचारणारे लोक जे विचारतात, ते इथे लिहून काढलंय. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. ज्याला आत्ता या घडीला जीव नकोसा झालाय, त्याने आधी 14416 हा सरकारी मदतीचा फुकट नंबर लावावा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मला काहीच करू वाटना गेलंय. हे डिप्रेशन आहे का नुसतं टेन्शन?

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच जीव रमत नसेल. सोबत झोप आणि भूक बिघडली असेल, थकवा जात नसेल, लक्ष लागत नसेल, उगाच अपराधी वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. आपल्याकडे 'मी उदास आहे' असं म्हणत कोणी दवाखान्यात जात नाही. डोकं गच्च झालंय, हातापायात जीव नाही, छातीत धडधडतंय, पोटात आग पडतेय, अशी सुरुवात होते. मग ईसीजी निघतो, दोन सलाईन लागतात, 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून माणूस घरी येतो आणि आणखीच खचतो. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-12 मात्र जरूर तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच दिसतो.

एक गैरसमज फार आहे. 'त्याच्यावर कर्ज आहे, म्हणून तो तसा झालाय, त्याला कसलं आलंय डिप्रेशन!' कारण डोळ्यांसमोर दिसतंय म्हणून आजार नाही, असं होत नाही. कर्जही असतं आणि आजारही असतो, आणि दोन्हीकडे बघावं लागतं.

समदुःखी माणसाशी बोलून काय होणार? दोन रडणारे एकत्र आले तर जास्तच रडतील ना?

हा प्रश्न बहुतेकदा घरातला कर्ता माणूस विचारतो, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

डिप्रेशन सगळ्यात आधी काय नेत असेल, तर 'हे कधीतरी संपेल' हा भरवसा. घरचे म्हणतात, होईल सगळं नीट. डॉक्टर म्हणतात, काही आठवड्यांत फरक पडेल. दोघंही खरंच बोलतात. पण आजारी माणसाच्या मनात येतं, यांना काय माहीत आत काय चाललंय? मग समोर एक बाई येऊन बसते. केजची नाहीतर परळीची, आपल्यासारखीच. ती सांगते की लेकराच्या डब्यासाठी कणीक मळता मळता मी रडायची, अंघोळ करायची म्हटलं तरी घाम फुटायचा, माहेरचा फोन वाजला की उलटा ठेवायची. आणि तीच बाई आज एसटीने एकटी आलेली असते, चहात साखर फार झाली म्हणून कुरकुरत असते. तिने धीराचा एक शब्द बोलला नाही तरी चालतं. घरातला डबा रिकामा झाला की आपण शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणतो ना, तसा तिचा भरवसा काही दिवस उसना वापरायचा. परत करायची घाई नसते.

दुसरं काम लाजेचं. 'मी आळशी आहे, मी वाईट आई आहे' असं जे आत चाललेलं असतं, ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून जसंच्या तसं ऐकलं की आजाराचं लक्षण म्हणून ओळखू येतं. तिसरं काम अगदी बारीकसारीक आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. गोळीने तोंड कोरडं पडतं तेव्हा काय करायचं, सासूला काय सांगायचं, डॉक्टर दोन मिनिटांत उठवतात तर आधीच चिठ्ठीवर काय लिहून न्यायचं. हे पुस्तकात सापडत नाही.

बाहेरही हे करून बघितलेलं आहे. झिम्बाब्वेत हरारे शहरात 2006 पासून दवाखान्याबाहेर लाकडी बाकावर वस्तीतल्याच आज्या बसतात, थोडं प्रशिक्षण घेतात आणि मन खचलेल्यांशी बोलतात. 2016 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आज्यांशी बोललेल्या लोकांची लक्षणं सहा महिन्यांनी इतरांपेक्षा बरीच कमी होती. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत गरोदर, खचलेल्या बायकांकडे त्यांच्याच वस्तीतल्या आया जाऊन बसल्या. तिथेही फायदा दिसला, पण माफक. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाच्या कामात गावातलेच लोक शिकून गावातल्यांना आधार देत होते. या सगळ्या ठिकाणचे आधार देणारे लोक डिप्रेशनमधून गेलेलेच होते असं नाही; ते वस्तीतले होते, आणि त्यांना ऐकायला शिकवलं होतं. आपल्याकडे तेवढं उभं राहिलं तरी पुष्कळ.

आता रडण्याचं. नुसतं दुःख उगाळत बसलेला गट माणसाला खाली ओढतो, हे खरं आहे. म्हणून आमच्याकडे निम्मा वेळ 'काय झालं' आणि निम्मा वेळ 'गेल्या वेळेपासून काय करून बघितलं' यासाठी असतो. करून बघितलेली गोष्ट कितीही लहान चालते. एकाने शेळी बांधायची जागा झाडली होती. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

मग डॉक्टर आणि गोळ्या सोडून फक्त सोबतीवर भागेल का?

नाही. सौम्य आजारात समुपदेशन आणि दिनचर्येवर भागू शकतं, पण सौम्य आहे की तीव्र हे डॉक्टरांनी ठरवायचं. मध्यम किंवा तीव्र आजारात बहुधा औषध लागतं.

गोळ्यांबद्दल गटात परत परत सांगावं लागतं ते एवढं. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. मळमळ, डोकं जड होणं असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात, म्हणजे आधी त्रास आणि मग फायदा. इथेच बहुतेक लोक गोळी फेकून देतात. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवायची असते. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बहुतेकांना आयुष्यभर लागत नाही. एकदम बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतात. डिप्रेशनच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, आणि लोक दोन्ही एकाच पिशवीत मोजतात. तुमच्या पाकिटात कुठली आहे ते डॉक्टरांनाच विचारा.

आणखी एक. मधूनच काही दिवस उलटं होत असेल, म्हणजे झोप न घेताही अंगात फार जोर, अफाट बोलणं, भरमसाट खर्च, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावरून औषधच बदलतं.

मराठवाड्यात जायचं कुठे? पुण्या-मुंबईला जायची ऐपत नाही.

जायची गरजही नाही. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, आपल्याकडे त्यातलं एकही नाही, यावर लोक हळहळतात. पण डिप्रेशनच्या बहुतेक माणसांना भरती व्हावंच लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात काम होतं. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख आणि नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मानसोपचार विभाग आहेत. जालना, परभणी, हिंगोली, धाराशिव, बीड यांपैकी कुठेही राहत असाल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची थोडीफार फी वेगळी असते. बायकांना एसटीत मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे 'भाड्याला पैसे कुठून आणू' हे कारण निम्मं झालं.

सकाळी लवकर जा. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि सोबत एक माणूस असू द्या. घरापासून लांब जाणं जमत नसेल तर टेली-मानस आहे. केंद्र सरकारची ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

आमच्या तालुक्यात असा गट कुठेच नाही. सोबती शोधायचा कसा?

ठाण्यात 1990 पासून चाललेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. अशा ठिकाणी आधारगट चालतात. आपल्याकडे ते विरळ. तरी गटाची वाट बघत बसू नका. सुरुवातीला एक माणूस पुरतो. मद्यपींच्या ज्या बैठका आज जगभर चालतात, त्यांची सुरुवात 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलण्यातून झाली होती.

पहिली विचारणा आपल्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे करा. 'तुमच्याकडचं बरं झालेलं, बोलायला तयार असलेलं कोणी आहे का?' असं विचारा, आणि त्यांचा नंबर मागू नका. आपला नंबर द्या. ज्याला बोलायचं असेल तो फोन करील. यात त्याचंही नाव उघड होत नाही आणि डॉक्टरांचीही अडचण होत नाही.

दुसरी आशाताई. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत 2015 पासून शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प राबवला गेला, त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेल्या माणसांची विचारपूस केली. गावात कोण कशातून गेलंय हे त्यांना ठाऊक असतं. आशाताई तोंडाच्या घट्ट असतील तर त्यांच्यासारखं माणूस नाही. नसतील, तर त्यांना विचारू नका. हे आपलं आपण जोखायचं.

बचत गटाचं मी थोडं सांभाळून सांगते. बायका दर महिन्याला जमतातच, बसायची सवय आहे, हिशेब झाल्यावर अर्धा तास निघू शकतो. काही ठिकाणी हे छान जमलंय. पण तिथे हप्त्यावरून रुसवे असतात, जावा-जावा असतात. सगळ्या गटापुढे बोलण्याऐवजी त्यातली एकच मैत्रीण निवडा. घरात दारूचाही प्रश्न असेल तर व्यसनमुक्तीच्या बैठकांना जरूर जा. मोठ्या शहरांत त्या होतात, घरच्यांसाठी वेगळ्या असतात, आणि तिथे बसलेल्या निम्म्या लोकांना डिप्रेशनही भेटून गेलेलं असतं, असं माझं निरीक्षण आहे.

कोणाला जवळ करायचं नाही तेही सांगते. जो गोळ्या बंद करायला सांगतो. जो चूर्ण, कोर्स नाहीतर पॉलिसी विकतो. जो तुमचं बोलणं रेकॉर्ड करतो. आणि ज्याला तुमच्यापेक्षा स्वतःच्या यशाचीच गोष्ट सांगायची असते, तोसुद्धा.

गावात बोभाटा होईल. बहिणीचं लग्न जमायचंय.

या भीतीला 'काही होत नाही हो' म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. होतं. आमच्या भागात सोयरीक जुळवताना मामापासून न्हाव्यापर्यंत चौकशी होते.

म्हणून आमचे नियम साधे आहेत. कोणाच्या घरी बसायचं नाही. तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी बसायचं, म्हणजे यायला निमित्त मिळतं. आडनाव आणि गाव सांगायची सक्ती नाही. बाहेर भेटलो तर समोरच्याने ओळख दिली तरच द्यायची. दवाखान्यात काय बोललात, हे गुप्त ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आहे. डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय ते पाहुण्यारावळ्यांना सांगू शकत नाहीत. शेजाऱ्यांना काय सांगायचं? 'तब्येतीचं दाखवायला जाते' एवढं पुरतं. तेवढं खोटंही नाही.

स्वतःच्या लग्नाचं मात्र माझं मत वेगळं आहे, आणि त्यावर गटात जोरदार भांडणं झालीत. लपवून लग्न केलेल्या मुली सासरी गोळ्या लपवून खातात, मग बंद करतात, मग पुन्हा आजारी पडतात आणि 'फसवलं' हा शब्द कपाळी येतो. बोलणी पक्की व्हायच्या आत, मुलाशी किंवा मुलीशी स्वतः, शांतपणे, 'मला हा आजार झाला होता, उपचार घेतले, आता अशी आहे' असं सांगावं असं मला वाटतं. त्यात एखादं स्थळ जाईल. आमच्यातल्या दोघी म्हणतात, तुला सांगायला काय जातंय. त्यांचंही खोटं नाही.

नवरा दिवसभर रानात एकटाच बसतो, बोलत नाही, खेकसतो. त्याला कसं आणायचं?

पुरुषांना समोरासमोर बसवून 'मन मोकळं कर' म्हटलं की ते उठून जातात. शेजारी बसून, हात कामात असताना बोलतात. बैल धुताना, मोटार दुरुस्त करताना, दुचाकीवर मागे बसून मोंढ्याला जाताना. म्हणून त्यांच्यासाठी सोबतीही त्याच कामातला शोधा. भावकीतला नको. भावकीत बांधाचे वाद असतात. मित्र, वर्गमित्र, साडू चालेल.

'काय झालंय?' हा प्रश्न टाळा, त्याला उत्तर येत नसतं. 'रात्री कितीला जाग येते?' असं विचारा. झोपेचं पुरुष सांगतात.

आणि पैशाचं बाजूला ठेवू नका. 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, 2025 च्या सप्टेंबरात उभं पीक पाण्याखाली गेलं. अशा वर्षी माणसाला फक्त श्वासाचे व्यायाम शिकवणं ही थट्टा आहे. गोळीने कर्ज फिटत नाही. पण आजारी डोक्याने बँकेत जाऊन चार शब्दही बोलता येत नाहीत. आमच्यातला एक जण दुसऱ्यासोबत नुसता बँकेत जाऊन बसतो, कागद पुढे करतो. पंचनाम्याचा अर्ज, पीकविम्याची तक्रार, कर्जाची पुनर्रचना, यासाठी सोबत लागते आणि तीही सोबतच आहे.

घरात माणूस असा गप्प झाला असेल तर फवारणीचं औषध घरातून आणि रानातल्या खोलीतून हलवा. शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. कारण सांगत बसू नका.

मला सारखं वाटतं, आपण नसलेलंच बरं.

हे सांगितलंत, बरं केलंत. हा विचार या आजारात पुष्कळांना येतो, आमच्यातल्या बऱ्याच जणांना आला होता. आजार उतरला तसा तोही उतरला.

आज रात्री एकटे राहू नका. घरातल्या एकाला, जमेल त्या शब्दांत, सांगा. '14416' लावा. नुसतं वाटण्यापुढे जाऊन कसं आणि कधी हे डोक्यात ठरायला लागलं असेल, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला किंवा 112 ला फोन करा, नाहीतर कोणालाही सोबत घेऊन जवळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. आपत्कालीन विभाग रात्रीही उघडा असतो.

सोबत्यासाठी: असं कोणी बोललं तर 'असं बोलू नये' म्हणू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग त्याच्याजवळ थांबा आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलावून घ्या. हे गुपित ठेवायचं नसतं. गटातला गुप्ततेचा नियम इथे लागू नाही, आणि हे आम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगतो.

पोलीस केसच्या भीतीने काही घरं दवाखान्यातच नेत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं 309 कलमही राहिलेलं नाही. दवाखान्यात नोंद होईल. होऊ द्या.

आम्ही कोयता घेऊन जातो. सहा महिने कारखान्यावर. गोळ्या आणि सोबत कशी टिकणार?

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर निघालेली माणसं मार्च-एप्रिलपर्यंत फडात असतात, तेव्हा हा प्रश्न आमच्याकडे नेहमीचा. जायच्या आधी डॉक्टरांना सांगा की आम्ही ऊसतोडीला चाललोय. ते जास्त दिवसांच्या गोळ्या आणि औषधं लिहिलेला कागद देऊ शकतात. कागदाचा फोटो मोबाईलमध्ये आणि टोळीतल्या एका माणसाच्या मोबाईलमध्येही ठेवा. गोळीने गुंगी येत असेल तर लपवू नका. रात्री गाडी भरताना, उसाच्या ढिगावर चढताना ती धोक्याची आहे. वेळ किंवा गोळी बदलता येते.

सोबतीसाठी आठवड्यातली एक वेळ ठरवा. उदाहरणार्थ कारखान्याच्या साप्ताहिक बाजारादिवशी संध्याकाळी पाच मिनिटं फोन. 'काय चाललंय' हे विचारत बसायचं नाही. तीनच गोष्टी विचारायच्या: झोप, जेवण, गोळी. मुकादमाला आजार सांगायचा की नाही, हे उचल किती बाकी आहे आणि माणूस कसा आहे यावर ठरवा. मी कोणालाच सरसकट 'सांगा' म्हणत नाही.

बाहेरचं बघावं का? देवाला जाऊन बरं वाटतं.

बरं वाटत असेल तर जा. तुळजापूरला जा, दर्ग्यात जा, सप्ताहात टाळ धरा, दिंडीत चाला. दिंडीत रोजचं चालणं आहे, वेळेवर जेवण आहे, शेजारी माणूस आहे, आणि 'तुला काय झालंय' असं कोणी विचारत नाही. डिप्रेशनच्या माणसाला यातलं काहीच वाईट नाही. फक्त गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या.

बांधून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं, मिरचीची धुरी, हजारोंची पूजा असं जिथे असेल तिथून निघून या. अघोरी प्रकारांविरुद्ध राज्यात 2013 पासून कायदा आहे.

लेक लातूरला नीटची तयारी करतेय. फोनवर नुसती 'हं' म्हणते.

जा. फोनवर समजत नाही. रविवारी तिच्या खोलीवर जा, मार्कांचा विषय काढू नका, तिला बाहेर जेवायला न्या. होस्टेलमधल्या मैत्रिणी तिच्या सोबती आहेतच, पण सतरा वर्षांच्या पोरींवर एकमेकींचा जीव सांभाळायची जबाबदारी टाकता येत नाही. तिथे एक मोठं माणूस हवं. वर्ष वाया गेलं तरी चालेल, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचं असतं, आणि तुम्ही ते मनापासून म्हणायला हवं. नुसतं म्हटलेलं तिला कळतं.

व्हॉट्सॲपचा ग्रुप चालतो का?

भेटीची वेळ कळवायला चालतो. सोबतीला नाही. रात्री दोनला कोणीतरी मरणाचं लिहितं, सकाळी सातला कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं, आणि मधल्या पाच तासांत कोणी वाचलेलं नसतं.

पहिल्या भेटीत काय बोलायचं? मला चारचौघांत तोंड उघडत नाही.

काहीच नाही बोललात तरी चालतं. नाव सांगा, चहा घ्या, ऐका. आमच्याकडे एक काका कित्येक भेटी नुसते दाराजवळ बसायचे, चप्पल घालून. आम्ही त्यांना आत या म्हटलं नाही.

बरी झाले होते, पुन्हा तसंच व्हायला लागलंय. सगळं पाण्यात गेलं का?

हा आजार एकदा झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना पुन्हा केव्हातरी होतो. म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही. पाण्यातही काही गेलेलं नाही. या वेळी कुठे जायचं, कुठली गोळी लागू पडली होती, कोणाला फोन करायचा, हे सगळं तुम्हाला माहीत आहे.

परतीच्या खुणा प्रत्येकाच्या ठरलेल्या असतात. माझी खूण भांडी. सिंकमध्ये भांडी साचायला लागली की माझी सोबतीण मला विचारते, डॉक्टरांकडे कधी जातेस? तुमची खूण कोणती ते बरं असताना लिहून सोबत्याला देऊन ठेवा. आजारात स्वतःचं स्वतःला दिसत नाही, त्याला दिसतं.

आशा वाटायला कधी लागते?

लोक मोठ्या पहाटेची वाट बघतात. तशी कोणाला आलेली मी ऐकली नाही. बहुतेकांना आधी चव येते. मग एखाद्या दिवशी शेजाऱ्याच्या भांडणात रस वाटतो. मग राग येतो, आणि घरचे घाबरतात, पण राग येणं हेही पुष्कळदा चांगलं असतं. मन हलायला लागलेलं असतं. आधी उत्साह येईल आणि मग काम करू, असं म्हणून थांबू नका. उलटं होतं. ठरलेल्या वेळी ठरलेलं लहान काम, जसं की संध्याकाळी वेशीपर्यंत चालणं, मन नसताना करत राहिलं की उत्साह मागून येतो. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या प्रशिक्षित माणसांनी याच पद्धतीने डिप्रेशनच्या लोकांना मदत केली, आणि 2017 साली तिचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोबत्याचं काम काय, तर सहा वाजता दारात येऊन 'चल' म्हणणं.

मला आता बरं आहे. मला दुसऱ्यांना सोबत करायचीय. लगेच करू का?

थोडं थांबा. तब्येत काही महिने स्थिर असू द्या आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला एकाच माणसाला सोबत करा, तीही दुसऱ्या जुन्या सोबत्याबरोबर. फोन घ्यायच्या वेळा आधीच सांगून ठेवा. रात्री दहानंतर 14416, असं आम्ही स्पष्ट सांगतो. पैसे उसने द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. बाई असेल तर शक्यतो बाईने, पुरुष असेल तर पुरुषाने. औषधाचा सल्ला द्यायचा नाही, 'मला अमुक गोळी लागू पडली, तूही घे' हे तर अजिबातच नाही.

आणि ऐकून आल्यावर तुमची झोप उडत असेल तर ते गटात सांगा, पुढच्या भेटीला सुट्टी घ्या. आमच्याकडे अशा सुट्टीचं कारण विचारत नाहीत. यायची इच्छा असेल तर आमची बैठक मंगळवारी बाजाराच्या वेळात असते, दुपारी तीनच्या आत संपते, कारण केज आणि धारूरच्या बायकांना उजेडात घरी पोचायचं असतं.